सदतिसाव्या पानावरचा मासा

काशिराम तांडेल कपाटातून एकेक पुस्तक काढत होते, सदतिसावं पान उघडून बघत होते आणि पुस्तक परत जागेवर ठेवत होते. पाऊण तास झाला तरी त्यांच्या हातात एकही पुस्तक टिकलं नव्हतं.

काउंटरमागून दमयंती ते पाहत होती. पनवेलच्या या वाचनालयात ती दीड वर्षापूर्वी आली. त्याआधी सव्वीस वर्षं कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत होती. गोष्टीची पुस्तकं तिने कधी वाचली नव्हती. नवरा न्हावा शेव्याला कामावर गेला आणि तिथेच हृदयविकाराने गेला, तेव्हापासून तिचं बोलणंही कामापुरतंच उरलं होतं. वाचक पुस्तक पुढे करायचे, ती शिक्का मारायची.

"झाली वाचून, बाई," काशिराम म्हणाले. "आता काय उरला नाय."

त्यांनी एक पुस्तक उघडून दाखवलं. सदतिसाव्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात पेन्सिलीने काढलेला एवढासा मासा होता. जुन्या वाचकांची ही रीत दमयंतीला ठाऊक झाली होती. आपलं वाचून झालेलं पुस्तक पुन्हा घरी जाऊ नये म्हणून कुणी ठरलेल्या पानावर टिंब देतं, कुणी आद्याक्षर लिहितं. उरणला चाळीस वर्षं होडी चालवलेल्या या माणसाने मासा काढला होता. समुद्र, डोंगर, युद्ध, साथीचे रोग, जिथे म्हणून माणूस संकटात सापडतो ती सगळी पुस्तकं त्यांनी संपवली होती.

"डोका धरत नाय आता," ते म्हणाले. "गोष्ट इसरतो. पण मासा खोटा बोलत नाय."

मग त्यांनी सहज सांगितलं की मुलगी रंजिता कामोठ्याला शिकवण्या घेते. वाचनालयात जाणं सुटलं की बाबांनी आपल्याकडे नवव्या मजल्यावर यायचं, असं ती म्हणते.

"तिथून खाडी दिसत नाय," एवढं बोलून ते रिकाम्या हाताने पायऱ्या उतरले.

सोमवारी दमयंतीने घरून मऊ खोडरबर आणलं. बर्फात अडकलेल्या जहाजाचं एक पुस्तक निवडलं, मासा पुसला, कण फुंकून उडवले आणि पान उजेडात तिरकं धरून तपासलं. काही दिसत नव्हतं. शनिवारी तिने ते काशिरामांपुढे ठेवलं.

त्यांनी सदतिसावं पान उघडलं. बराच वेळ बघितलं.

"काय हाय यात?"

तिने वाचलेलं नव्हतं. तसं तिने सांगितलं.

"तुमी न वाचलेला आमी कसा नेऊ?" म्हणून त्यांनी पुस्तक तिच्याकडे सरकवलं आणि ते निघून गेले.

ते तिने घरी नेलं. पहिले दोन दिवस रोजची चार पानं, औषध घ्यावं तशी. तिसऱ्या दिवशी कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या ते कळलं नाही, आणि वरणाला करपल्याचा वास लागला. पुढच्या शनिवारी तिने काशिरामांना त्या जहाजाची हकिगत सांगितली. भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे अकरा मिनिटं. आठवडाभरात ती एवढं बोलली नव्हती. त्यांनी मान डोलावली आणि पुस्तक नेलं.

तोच नियम झाला. आधी वाचायचं, मग पुसायचं, मग द्यायचं. हिमकड्याखाली सापडलेले गिर्यारोहक झाले, वाळवंटावरून एकटी विमान नेणारी बाई झाली, प्लेगच्या गावात राहिलेला डॉक्टर झाला. एका पुस्तकात तर काहीच घडत नव्हतं. एक माणूस दोनशे पानं भावाची माफी मागायचं धाडस गोळा करत होता. ते वाचताना ती रडली, आणि शनिवारी तेही तिने त्यांना सांगून टाकलं. हळूहळू भाजीची पिशवी घेऊन येणाऱ्या कृष्णाबाईही विचारू लागल्या, माझ्यासाठी कुठलं काढलंय.

एकदा ती गिर्यारोहकांची गोष्ट सांगत होती, तर काशिराम मध्येच म्हणाले, "आन् कुत्रा?"

कुत्र्यापर्यंत ती अजून पोहोचलीच नव्हती. तिला बरं वाटलं. द्रावण आटून गेलं तरी भांड्याच्या तळाशी काहीतरी राहतंच, तसंच आठवणीचं असावं.

एकच पुस्तक तिने टाळलं होतं. खालच्या कप्प्यातलं, निळ्या कव्हरचं. त्यात दीपगृहाच्या रखवालदाराची बायको होती. नवव्या पानावर तिचा नवरा कामावर जातो आणि परत येत नाही. दमयंतीने ते नवव्या पानावर मिटलं आणि ठेवून दिलं. त्या कप्प्यातला तेवढा एकच मासा तसाच राहिला.

डिसेंबरातल्या एका शनिवारी काशिराम आले नाहीत. रंजिता आली. बंदरावर बाबांचा पाय मुरगळला होता, डॉक्टरांनी दहा दिवस घरी बसवलं होतं. तिने जुनं पुस्तक परत केलं. दमयंतीने नवं काढून ठेवलं होतं, ते पुढे केलं.

"हे नको," रंजिता म्हणाली. "त्यांनी नेमकं सांगितलंय. खालच्या कप्प्यातलं निळं, दीपगृहाचं."

दमयंती खाली वाकली. पुस्तक काढून तिने सदतिसावं पान उघडलं आणि रंजितापुढे धरलं.

"हे त्यांचं वाचून झालंय. हा बघा मासा," ती हळू आवाजात म्हणाली. "विसरले असतील. त्यांना काही बोलू नका."

"बाबा आणि विसरतील?" रंजिता हसली. "चाळीस वर्षांपूर्वीच्या भरतीच्या वेळा तोंडपाठ आहेत त्यांना. आणि हे त्यांच्यासाठी नाहीच, मॅडम. म्हणाले, त्या कप्प्यात एवढाच मासा उरलाय, बाईंचं हेच वाचायचं राहिलंय. आणि या वेळी पुसताना जरा हलक्या हाताने पुसा, प्रत्येक पुस्तकाचं सदतिसावं पान विरत चाललंय."