गाळलेलं नाव

अमरावतीच्या एका खासगी कॉलेजात आकांक्षा लॅब असिस्टंट होती. विभागप्रमुखाच्या त्रासाला कंटाळून शेवटी तिनं कॉलेजच्या पोर्टलवर त्याच्याविरुद्ध तक्रार टाकली. महिना उलटला तरी तक्रार समितीनं बोलावलं नाही. पोर्टल सांभाळायची दामिनी, तिची रोज डबा वाटून खाणारी मैत्रीण. आकांक्षानं तिलाच विचारलं.

"तुही तक्रार आलीच नाई," दामिनी म्हणाली. "समितीची स्क्रीन तूच पाह्य."

खरंच नव्हती.

डेटाबेस आकांक्षाला दामिनीनंच शिकवला होता. कोणतं टेबल, त्यातलं निवडकच दाखवणारा कोणता व्ह्यू कोणी आणि कोणत्या अटीवर बनवला, हे डेटाबेस आपल्या सिस्टीम टेबलांत लिहून ठेवतो, हेही तिनंच सांगितलं होतं. त्या दुपारी आकांक्षानं तिथं समितीच्या स्क्रीनमागचा व्ह्यू शोधला. अट एका ओळीची होती: विभागप्रमुखाचं नाव असलेल्या तक्रारी सोडून बाकी सगळ्या दाखव. मूळ टेबलात तिची तक्रार जशीच्या तशी होती. तिच्याआधी काही विद्यार्थिनींनी केलेल्याही होत्या. व्ह्यू बनवणाऱ्याच्या जागी दामिनीचं लॉगिन होतं.

तिनं सगळ्याच्या प्रिंट काढल्या. समितीकडे जाण्याआधी त्या दामिनीसमोर ठेवल्या.

दामिनीनं मान वर केली नाही. "सरनं करायले लावलं, मी काय करू? पण तू सिस्टीममंधी काहून शोधत बसली? मले विचारायचं होतं ना."

"तुलेच तं विचारलं होतं पहिले," आकांक्षा म्हणाली.