रिकामं काडतूस

टिल्डाने दस्ता खांद्याला लावला, गाल लाकडावर टेकवला आणि चाप ओढला. टक्, एवढाच आवाज झाला. गोळी सुटलीच नाही. तरी तिचे डोळे घट्ट मिटले आणि बंदुकीची नळी झटक्याने खाली गेली.

"काडतूस रिकामं होतं," रेइनो म्हणाला. "मी मुद्दाम घातलं होतं."

"फसवलंत, आजोबा."

"फसवलं नाही, बघितलं. दणका बसायच्या आधीच तू दचकतेस. म्हणून त्या थाळीला अजून एकही भोक नाही."

खडीच्या खाणीत, मातीच्या ढिगावर त्यांनी जेवणाची कागदी थाळी टाचली होती. हरणाचं काळीज आणि फुप्फुसं मिळून तेवढीच जागा असते. सकाळपासून टिल्डाच्या सगळ्या गोळ्या ढिगात चालल्या होत्या. सरोवरावरून बोचरा वारा येत होता. आभाळ उतरून खाली आलं होतं. परवा हरणांचा हंगाम उघडणार होता. तिचा हा पहिलाच.

रायफल तिच्या पप्पांची, म्हणजे रेइनोच्या मुलाची, डेलची होती. डेल जानेवारीत गेला. त्याचा गाल घासून दस्त्यावर एक फिकट डाग पडला होता. टिल्डा बरोबर तिथेच गाल टेकवत होती.

रेइनोने गाडीतून दुसरी रायफल काढली. हलकी, आखूड दस्त्याची. शेजारच्या बार्बकडून मागून आणलेली.

"ही धर. हिचा दणका कमी आहे."

"खेळण्यातली वाटते."

"ते हरणाला सांग."

तिने नाखुशीने नेम धरला. थाळी हलली. पुन्हा झाडली, पुन्हा हलली. रेइनोने मान डोलावली. टिल्डाचा चेहरा मात्र तसाच राहिला.

"मला पप्पांचीच न्यायची आहे."

"नळी खाली गेली की गोळी पोटात लागते, पोरी. मग ते जनावर दलदलीत शिरतं आणि रात्रभर मरत पडतं. ज्याची नळी खाली जाते, त्याने ती बंदूक जंगलात न्यायची नाही. याच कारणासाठी तुझ्या पप्पालाही मी एक हंगाम घरी बसवला होता."

"म्हणजे ती यंदा कपाटातच राहणार? ते नाहीत, आणि तीही नाही?"

रेइनोने डेलच्या दस्त्यावरच्या फिकट डागावरून अंगठा फिरवला.

"मी नेतो," तो म्हणाला. "माझी घरी ठेवतो. तुझ्या शेजारीच बसेन. म्हणजे तूही तिच्याजवळच असशील."

टिल्डाने बाहीने नाक पुसलं. दिवसभरात पहिल्यांदाच तिचे खांदे जरा सैल पडले. मग ती म्हणाली, "आधी तुम्ही झाडून दाखवा. काडतूस मी घालणार."

"मी? अर्ध्या गावाला मी शिकवलंय या खाणीत."

"घाबरलात?"

"आण इकडे. पण पाठ फिरवून घाल. मला दिसता कामा नये."

तिने पाठ फिरवली, काडतूस घातलं, बोल्टचा दांडा सरकवून बंद केला आणि पप्पांची रायफल त्याच्या हातात दिली. तो कण्हत खाली बसला. गुडघ्यांवर कोपरं टेकली. श्वास अर्धा सोडून थांबला आणि त्याने सावकाश चाप ओढला.

टक्.

वाऱ्याने थाळीची एक कड फडफडत होती. रेइनोने डोळे उघडले, तेव्हा नळी मातीकडे होती. पण तो दचकल्यामुळे ती तिथे गेली, की टक् झाल्यावर त्यानेच खाली घेतली, हे त्याला कळेना. मधला क्षण त्याने पाहिलाच नव्हता. टिल्डाने पाहिला होता.

त्याने बोल्ट उघडला. रिकामं काडतूस त्याच्या बुटाजवळ पडलं.

"डोळे मिटले गं माझे," तो म्हणाला. "कितपत गेली खाली?"

टिल्डा त्याच्या मांडीवरच्या रायफलकडे बघत राहिली. थोडीशीच, असं म्हटलं असतं तर परवा पप्पांची रायफल जंगलात गेली असती.

तिने हात वर केला. अंगठा आणि बोट यांच्यात जेमतेम एखादी काडी मावली असती.

"खरं सांग."

तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. मग हळूहळू बोटं फाकवली. आणखी फाकवली. एका हाताची बोटं पुरेनात, तेव्हा तिने दुसरा हात वर केला.