अनुक्रमांक बेचाळीस

"मोठ्याने वाचा की, बाई," कारकून खुर्चीत रेलून म्हणाला. "चार महिने डोकं खाल्लंत. आता सगळ्यांना ऐकू दे."

पुराच्या मदतीची यादी होती. बारा पानं, कोपऱ्यात टाचलेली, इथेच वाचून परत करायची. तेवढ्यासाठी तिने अर्ज केले, अपील केलं, या कार्यालयाच्या पायऱ्या झिजवल्या. नदीकाठची ज्यांची शेतं खरवडून निघाली, त्यांच्या हाती काहीच पडलं नव्हतं. मदत वाटून संपली, असं कार्यालय म्हणत होतं. कोणाला वाटली, ते मात्र गुलदस्त्यात.

व्हरांड्यात पन्नासेक माणसं जमली होती. तिचे सासरे खांबाला टेकून उभे होते. "आपलं काही बुडालं नाही ना? मग ही उठाठेव कशाला?" असं सकाळपासून चारदा म्हणून झालं होतं त्यांचं.

ती वाचू लागली. पहिल्याच पानावर कापडदुकानदार निघाला. त्याच्याकडे कुंडीपुरतीही माती नव्हती. मग तीन वर्षांपूर्वी वारलेला एक जण. मग इथल्याच साहेबांचे मेहुणे, तेही दोनदा. आधी हशा झाला, मग शिव्या सुरू झाल्या. "चोर आहेत साले!" "टाळं ठोका कार्यालयाला!" कोणीतरी जाळीच्या दारावर लाथ घातली. कारकून शांतपणे पाणी पीत होता. यादी त्याने आधीच वाचलेली होती.

तिसरं पान उलटलं आणि तिचा आवाज अडला.

"का हो, अक्षर लागत नाही?" कारकून पुढे वाकला आणि तिच्यापुरतं बोलला, "ठेवा पानं टेबलावर. पुढची भिजून खराब झालीत म्हणून सांगतो. तुमचीही अब्रू राहील, आमचीही."

तिने खांबाकडे पाहिलं. सासऱ्यांनी मान हलवली. नाही. जेमतेम, पण हलवली.

"बेचाळीस," ती म्हणाली, आणि सासऱ्यांचं नाव, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट वाचलं. "दोन एकर मका. पूर्ण नुकसान."

मग मागून आवाज आला, "वा! आणि ही निघाली आम्हाला न्याय द्यायला!"

"आधी आपलं घर झाड, भवाने!" एक बाई तिच्या पायाशी थुंकली.

सासरे तरातरा पुढे आले. "आपलं शेत बुडालं नाही, हे ठरवणारी तू कोण?"

"मळणीला मीच होते, आबा. सगळा मका घरात आला."

त्यांचा हात उठला. एवढ्या माणसांत तो तसाच हवेत राहिला. "माझ्या घरात पुन्हा पाऊल ठेवायचं नाही," ते म्हणाले आणि पायऱ्या उतरून गेले. बाहेर मोटारसायकलला दोन-तीन किका बसल्या. मग गाडीचा आवाज लांब गेला.

कारकुनाने हात पुढे केला. "झालं समाधान? द्या इकडे."

तिने पानं दोन्ही हातांनी धरली.

"त्रेचाळीस."

आता मागची माणसं काढता पाय घेऊ लागली. एकाला गाईचं दूध काढायचं आठवलं, दुसऱ्याला बस. टाळं ठोकायला निघालेला तर मागे वळूनही न बघता गेला. पन्नासाव्या नावापर्यंत व्हरांड्यात अकरा जण उरले. कारकून दार लोटायला उठला, तेव्हा त्यांतल्या एका म्हाताऱ्याने उंबऱ्यावरच बसकण मारली.

"वाच गं, पोरी," तो म्हणाला. "आमची नावं त्यात नाहीत, ते ठाऊक आहे. तू वाच."