हलता हात

तेजस्वीने बटण दाबलं, तोवर नारळ फुटून पाणी आईच्या कोपरावरून ओघळलंही होतं. फोटोत नारळ नव्हताच. पडवीची जमीन होती आणि जीव घेऊन पळणारं मांजर होतं.

"इलो काय गो फोटो?" आईने, म्हणजे किशोरीने, फुटलेली भकलं परातीत टाकत विचारलं.

"मांजराचो इलो."

"मग तां तरी बरा दिसता काय?"

आई एकदा हसायला लागली की थांबत नसे. तेजस्वीला मात्र रडू यायचं बाकी होतं. नारळी पौर्णिमा आठ दिवसांवर आली होती. मामाने दिलेला हा जुना डबडा कॅमेरा बटण दाबल्यावर आधी विचार करायचा, मग फोटो काढायचा. तिचा फोन महिन्यापूर्वीच विहिरीच्या तळाला गेला होता, त्यामुळे दुसरा इलाज नव्हता.

पौर्णिमेला मालवणच्या बंदरावर बायका नारळ लढवतात. एकीने नारळ मुठीत धरायचा, दुसरीने आपल्या नारळाने त्यावर घाव घालायचा, मग उलट. जिचा फुटला ती बाद. किशोरी चार वर्षं जिंकत आली होती आणि चारही वेळा शेवटच्या लढतीत समोर शेजारची सावित्रीकाकी होती. गेल्या वर्षी हरल्यावर काकी अख्ख्या बंदरासमोर ओरडली, "ही ऐनवेळेक हात फिरयता!"

झालं! वर्षभर मासळीबाजारात आई दिसली की कुणीतरी मनगट फिरवून दाखवायचं. आई हसून सोडून द्यायची. तेजस्वीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आईचा हात फिरत नाही, हे तिला फोटोत पकडून त्या काकीच्या नाकासमोर धरायचं होतं.

"आधी नारळ समजान घे," आईने मूठ पुढे केली. "टोक असा भायर ठेवायचा. टोकार घाव बसलो तर नारळ म्हणजे दगड. पोटार बसलो की गेलो."

"आये, अंगणात ये ना. हयसर काळोख आसा."

"नको गो बाय. ऊन माका सोसना नाय."

मग सगळा सराव पडवीतच झाला. आई डाव्या हातात एक नारळ धरायची, उजव्या हातातल्या नारळाने त्यावर हाणायची. तेजस्वी शिकत गेली. बटण आधी अर्धं दाबून मुठीवर नेम धरायचा, बोट तसंच ठेवायचं आणि घावाच्या जरा आधीच पूर्ण दाबायचं. पण जरा आधी म्हणजे कधी? चौथ्या दिवशी तिला ते सापडलं. हात हलवण्याआधी आई खालचा ओठ दाताखाली धरायची. ओठ आत गेला की बटण दाबायचं!

नारळ फोटोत यायला लागला. हात मात्र कुणीतरी ओल्या बोटाने पुसल्यासारखा दिसायचा.

"ह्या डब्यात हलतो हात पुसटच येतलो," ती वैतागून म्हणाली.

"नक्की?"

"शंभर टक्के."

"असांदे. बरा झाला," आई म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा तेच विचारलं आणि पुन्हा तेच म्हणाली. आपली समजूत काढतेय बिचारी, असं तेजस्वीला वाटलं.

आठ दिवस घरात सोलकढी, नारळीभात आणि खोबऱ्याच्या वड्या. आईने वड्यांचा डबा कुंपणाच्या गडग्यावरून काकीलाही दिला. काकीचं सामान बांधून झालं होतं. गोकुळाष्टमीनंतर ती घराला कुलूप लावून मुलाकडे नालासोपाऱ्याला कायमची जाणार होती.

"तिका कित्याक वड्यो?" तेजस्वी फणफणली.

"खोबरा उरला म्हणान," आई म्हणाली.

पौर्णिमेला बंदरावर ही गर्दी! सकाळपासून आभाळ भरलेलं होतं. शेवटच्या लढतीला पुन्हा त्याच दोघी उभ्या राहिल्या आणि ढग फाटून कडकडीत ऊन पडलं.

आईचा पहिला घाव काकीच्या नारळाने झेलला. मग पाळी काकीची. आईने मूठ पुढे केली, टोक बाहेर. तेजस्वीने मुठीवर नेम धरला. काकीने हात उचलला. आईने खालचा ओठ दाताखाली धरला. तेजस्वीने सवयीने बटण दाबलं.

फाट! आईच्या नारळाची दोन भकलं झाली.

क्षणभर कुणाचा विश्वासच बसेना. मग काकीने अशी किंकाळी मारली की होड्यांवरचे कावळे उडाले. तिने आईला मिठी मारली, फुगडी घालायला ओढलं, हसता हसता रडली. "चुकलंय गे किशोरी! गेल्या वर्षी मी खोटाच बोललंय. तुझो हात कधी फिराक नाय!" सगळ्या बंदराने ते ऐकलं. मासळीवाल्यांनी टाळ्या वाजवल्या.

आई हरली होती खरी. पण डाग तर धुतला गेला! आता पुरावाही हातात होता. तिने घाईघाईने कॅमेऱ्यात फोटो उघडला.

त्या उन्हात पहिल्यांदाच फोटो लख्ख आला होता. पाण्याचा थेंब न् थेंब मोजून घ्यावा असा. काकीचा नारळ नुकताच टेकत होता. आईचं मनगट पार फिरलं होतं, आणि तिच्या नारळाचं पोट काकीच्या घावासमोर होतं.

मागून आईने डोकावून पाहिलं. इकडेतिकडे बघून तिने हळूच कॅमेऱ्यावर पदर टाकला.

"आणि तू सांगी होतंस, ह्या डब्यात हलतो हात पुसटच येता म्हणान!"