पहिल्या डब्याचं तिकीट

“पुढच्या डब्यातली जागा मला द्या,” माईनं हात पुढे केला.

विहीणबाईंनी दोन्ही तिकिटं मुठीत आवळली. “छे! पुढे मी. तुम्ही शेवटच्या डब्यात बसा.”

गाडी पाच डब्यांची, खेळण्यातली वाटावी एवढी. तिला वर्षं मात्र शंभरावर झालेली. दरड कोसळून दोन महिने बंद पडलेला मार्ग आज उघडत होता आणि डोंगरावर जायला दुसरी वाट नव्हती. माई इंजिनाला हात लावून येईपर्यंत विहीणबाईंनी टीसीचं डोकं खाऊन उरलेल्या दोन जागा मिळवल्या होत्या. एक पहिल्या डब्यात, एक पाचव्या.

वर वेधशाळेत माईचा जावई कामाला होता, म्हणजे विहीणबाईंचा मुलगा. माईची लेक बाळंतपणाला खाली माहेरी यायची होती, तोच दरड आली. बाळ वरच जन्मलं. दोन्ही आज्यांनी अजून त्याचं नाकसुद्धा पाहिलं नव्हतं.

प्रश्न एकच होता. बाळ आधी कुणाच्या मांडीवर?

आठ दिवस फोनवर हीच धुसफूस चालली होती.

“आमच्या घरचं बाळ आहे,” विहीणबाई म्हणाल्या होत्या. त्या तीस वर्षं मुख्याध्यापिका होत्या. फोनवरही छडी दिसायची.

“नऊ महिने कुणी वाढवलं?”

“तुम्ही नाही हं. तुमच्या लेकीनं.”

शेवटी लेकच वैतागली. “जी गाडीतून आधी उतरेल तिच्या हातात देईन. आता मला झोपू द्या!”

आणि वरचा फलाट कड्याच्या टोकावर, एका डब्यापुरता. पुढचा डबा रिकामा झाला की गाडी सरकणार, मग दुसरा लागणार. शेवटच्या डब्याला अर्धा तास खोळंबा ठरलेला.

“पहिला डबा पहिला पोचतो,” विहीणबाईंनी पाचव्या डब्याचं तिकीट माईच्या हातावर ठेवलं. “एवढं गणित मला येतं.”

“तुमची मर्जी,” म्हणत माई तोंड पाडून मागे गेली.

शिट्टी झाली. गाडी झाडांच्या फांद्यांना खांदे घासत निघाली. खिडकीशी बसल्यावर माईचं पाडलेलं तोंड काही टिकेना. या रुळांवरच ती लहानाची मोठी झाली होती. वडील अर्ध्या वाटेवरच्या स्टेशनात सांधेवाले. गाडी आली की लोखंडी दांडा ओढून रूळ जोडून द्यायचे. त्यांचा जेवणाचा डबा खालून गाडीनंच जायचा. भाजीत मीठ राहिलं की आई पायवाटेनं चढून पुढच्या वळणावर गाडी गाठायची आणि ड्रायव्हरच्या हातात मिठाची पुडी द्यायची. गाडीचा वेगच असा, की आईला कधी धावावं लागलं नाही.

“आजी, एकट्याच हसताय!” समोरची बाई म्हणाली.

“नातू बघायला निघालेय. दोन महिन्यांचा झालाय.”

“मग हसा, हसा. पोटभर हसा.”

तासाभरानं गाडी वडिलांच्या स्टेशनात शिरली. समोर काळा कडा, रूळ तिथंच संपलेले. पहिल्या डब्याच्या खिडकीतून विहीणबाई अर्ध्या बाहेर आल्या.

“अहो, रस्ता संपला की!”

माईनं तोंडावर हात दाबला. शंभर वर्षांपूर्वी या कड्यातून बोगदा काढायचा बेत होता. दोन वर्षं खणून जेमतेम चार शेळ्या बांधायची जागा झाली. मग कुणीतरी डोकं लढवलं: पुढे जाता येत नाही ना, मग मागे वर चढू. तेव्हापासून इंजिन इथं सुटतं, बाजूच्या रुळानं वळसा घालून दुसऱ्या टोकाला लागतं आणि गाडी पाठमोरी डोंगर चढते. शेवटचा डबा पहिला होतो.

हे माईला पाचव्या वर्षापासून ठाऊक होतं. विहीणबाईंना पुढची जागा हवीशी वाटावी म्हणूनच तिनं ती मागितली होती.

“हे काय चाललंय? इंजिन तिकडे कुठे?” विहीणबाई ओरडत होत्या. “टीसी! हा काय पोरखेळ!”

इंजिन माईच्या डब्याला येऊन भिडलं. धक्का बसला तशी माई खुदकन हसली. वरच्या टप्प्यात तिला जरा टोचलं. म्हाताऱ्या बाईला असं फसवावं? पण दोन महिने रात्री कूस बदलत ती बाळाच्या ज्या वासाची कल्पना करत होती, तो आता दोन वळणांवर होता. टोचणी तिथंच गळून पडली.

फलाट आला. टीसीनं दार उघडलं. लेक समोरच उभी होती, डोळे भरलेले.

“आई! तू आधी?”

“दे इकडे,” माई म्हणाली आणि बाकावर बसलीसुद्धा.

बाळ मांडीवर आलं. ऊबदार, जड, दुधाच्या वासाचं. त्यानं माईचं बोट धरलं आणि जांभई दिली. माई हसत होती, रडत होती, लेकीला म्हणत होती, “हनुवटी तुझ्या आजोबांची गं, अगदी त्यांचीच!” जावई मात्र पार शेवटच्या डब्याकडे बघून हात हलवत होता. तिथून विहीणबाई मूठ दाखवत होत्या.

“आता वर्षभर ऐकवणार मला,” माई डोळे पुसत म्हणाली. “ऐकवू देत. साधं गणित चुकल्या हो मुख्याध्यापिका!”

डबा रिकामा झाला तसं टीसीनं दार लावलं. “त्या बाई चुकल्या?” तो म्हणाला. “अहो, सकाळी मला दोनदा विचारलं त्यांनी, वर आधी कुठला डबा लागतो. मी सांगितलं, शेवटचा. तर म्हणाल्या, मग मला पहिल्या डब्याचं तिकीट द्या, आणि माझ्या विहीणबाईंना यातलं एक अक्षर कळता कामा नये.”