इद्वलकाकांचं लाकडी उलथनं

“खाणीचा चढच काढून टाकलास?” गेथिनने नकाशा स्वतःकडे ओढला. “मग उरलं काय? ही सायकलफेरी आहे की प्रेतयात्रा?”

चिप्सच्या दुकानामागच्या खोलीत डोंगरात सायकली हाकणारा अख्खा गट खदखदून हसला. लाउरीचे कान तापले. पण तिने लाल पेन्सिल काही खाली ठेवली नाही. सोळावं वर्ष, गटात येऊन जेमतेम एक हिवाळा झालेला, आणि रविवारच्या फेरीचा बेत तिने आखायचा होता! जमला तर वसंतापर्यंतच्या सगळ्या फेऱ्या तिच्या. फसला तर नकाशा पुन्हा गेथिनच्या खिशात.

अभ्यास तरी तिने काय कमी केला होता? वरचं कुरण बाद, कारण तिथे टायर रुतले की मेंढ्यांचा मालक काठी घेऊन धावतो. जंगलातली उतरणही बाद, चिखल थेट पेडलपर्यंत. खाणीची वाट तेवढी झकास. सगळी पाटीच्या दगडाची खडी, पाऊस कितीही कोसळू दे, पाणी साचतच नाही. तरीही तिने नेमकी तीच खोडली होती. कारण सांगायची सोय नव्हती. ते समोरच बसून चिप्सवर व्हिनेगर शिंपडत होतं.

इद्वलकाका. साठी कधीच उलटलेली. मागच्या हिवाळ्यात लाउरी नवी होती, तेव्हा खाणीच्या चढावर ते दर वळणाला थांबायचे. सायकलच्या दांड्याला सुतळीने बांधलेलं लाकडी उलथनं सोडायचे आणि चाक खरवडत बसायचे. “चिखल गं, बाख. थांब जरा माझ्यासाठी.” बाख म्हणजे बाळ. ते सगळ्यांनाच बाख म्हणत, अगदी गेथिनलासुद्धा. लाउरी बिचारी थांबायची. वर पोचली की मोठ्या मनाने सगळ्यांना सांगायची, “उशीर झाला खरा. पण काकांना एकटं टाकून कसं यायचं?”

अशा माणसाला पुन्हा त्या चढावर न्यायचं?

“नदीकाठची वाट सपाट आहे,” ती म्हणाली. “फाटकंही कमी.”

इद्वलकाकांनी नकाशाकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं, आणि एक चिप तोंडात टाकली.

शनिवारी दिवसभर पाऊस कोसळला. रविवारी सकाळी नदीकाठची वाट नदीतच होती. तिच्यावर बदकं पोहत होती. सगळे पुलावर उभे राहून लाउरीच्या तोंडाकडे बघायला लागले. त्यांत मेन्नामावशीही होत्या. शाळेच्या स्वयंपाकघरात लाउरीच्या ताटात वाटाणे वाढायच्या त्या. आज त्यांची पहिलीच फेरी, तीही बहिणीच्या सायकलवर.

“घरी जायचं का मग?” गेथिनने फार म्हणजे फारच गोड आवाजात विचारलं.

“खाण,” लाउरी म्हणाली. “इद्वलकाका, तुम्ही पुढे व्हा. सावकाश जा हं. मी सगळ्यांत मागून फाटकं लावत येते.”

बेत आखणाऱ्याने पुढे राहायचं, हा गटाचा नियम. तिने तो खुशाल मोडला. काका वाटेत थांबले की मागून आपण गाठूच, असा तिचा विचार.

“जशी आज्ञा, बाख,” काका म्हणाले, आणि निघाले.

निघाले म्हणजे काय, रानबोकडासारखे उधळले! गेथिनला त्यांनी पहिल्याच वळणावर मागे टाकलं. लाउरी त्या वळणाला पोचली, काका नाहीत. दुसऱ्याला पोचली, तिथेही नाहीत. वरून ऐकू येत होत्या त्या गेथिनच्या धापा. तिसऱ्या वळणावर मेंढ्यांचं फाटक होतं. त्याच्या कडीला सुतळीने काहीतरी लोंबत होतं.

उलथनं.

ती खाली उतरली. पायाखाली निळसर खडी, धुऊन निघालेली. चिखलाचा ठिपका नाही. या वाटेवर चिखल नसतोच. तिनेच तर वहीत लिहिलं होतं, खाली दोन रेघा मारून. मग मागचा अख्खा हिवाळा दर वळणाला काका खरवडत काय होते?

तिचे कान पुन्हा तापले. मग तिला एकदम हसूच फुटलं.

एवढ्यात मागून मेन्नामावशी सायकल ढकलत आल्या. काकांना गाठायच्या नादात लाउरीने त्यांना कधी मागे टाकलं, तिचं तिलाच कळलं नव्हतं. चेहरा बीटासारखा लाल. “तू हो गं पुढे. मी आपली इथूनच परत फिरते. माझ्यापायी सगळ्यांचा खोळंबा नको.”

लाउरीने कडीवरून उलथनं सोडवलं, सायकल उलटी केली आणि लख्ख चाक खरवडायला बसली. “अहो मावशी, चिखल अडकलाय. थांबा ना जरा माझ्यासाठी.”

मावशी थांबल्या. फाटकाला टेकून त्यांनी वाटाण्यांबद्दलची तक्रारसुद्धा ऐकून घेतली. पुढच्या वळणालाही थांबल्या. त्याच्या पुढच्यालाही.

वर, खाणीच्या पडक्या भिंतीच्या आडोशाला, सगळे मनुकांचा पाव खात उभे होते, वर बोटभर लोणी थापून. इद्वलकाकांनी लाउरीच्या हातातलं उलथनं पाहिलं आणि चहात तोंड घातलं. मेन्नामावशींनी सायकल भिंतीला लावली, पावाचा जाडसा तुकडा उचलला आणि मोठ्या मनाने सगळ्यांना सांगितलं,

“उशीर झाला खरा. पण पोरीला एकटं टाकून कसं यायचं?”