प्रभुभोजनाची भाकर

"रिबकाबाई, प्रभुभोजनाची भाकर द्या. मंडळी खोळंबलीय," चर्चचे सेक्रेटरी दारातूनच म्हणाले.

बावीस वर्षं उपासनेत मोडून सगळ्यांना वाटायची ती भाकर रिबकाबाईच भाजत होत्या. आजही सवयीने भाजली होती.

गेल्या रविवारी कमिटीने त्यांच्या लेकीला वेदीपुढे उभं करून माफी मागायला लावली. उपासना चालवणाऱ्या पाळकसाहेबांनी अंगाला हात लावला, एवढंच तिने सांगितलं होतं. सगळी मंडळी मान खाली घालून बसली होती.

"भाकर मिळणार नाही. आम्हीही आता चर्चला येणार नाही," म्हणत त्यांनी दार लावलं.

रुमालातली भाकर मोडून त्यांनी अर्धी लेकीपुढे धरली. लेकीने हात पुढे केला नाही.

"मी तिथून तुझ्याकडेच बघत होते, आई," ती म्हणाली. "तू मान वर केलीच नाहीस."